पन्नाशीनंतर कोडिंग: टॉवेलच्या वजनापासून भिशीच्या चिठ्ठीपर्यंत

सोलापुरात ज्यांचं आयुष्य मागाजवळ गेलं, त्यांनी प्रोग्राम चालताना पाहिलेला आहे, फक्त त्याला कुणी त्या नावाने हाक मारली नाही. मागावर नक्षी विणणाऱ्या जेकार्ड यंत्रावर चढणारी भोकांच्या कार्डांची माळ हाच तो प्रोग्राम. भोक असेल तिथे सुई आरपार जाते, तिचा हुक वर उचलला जातो आणि ताण्याचा धागा वर येतो. भोक नसेल तिथे कार्ड सुईला मागे ढकलतं, हुक सुटतो, धागा खालीच राहतो. एक कार्ड म्हणजे बाण्याची एक फेक. फ्रान्समधल्या जॅकार्डने ही युक्ती १८०४ च्या सुमारास बसवली आणि पुढे चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात सूचना देण्यासाठी तीच भोकांची कार्डं घेतली.

ही आठवण कामाची आहे, कारण दोष शोधायची पद्धतही तीच आहे. प्रत्येक चादरीत त्याच जागी फुलाची पाकळी तुटत असेल, तर जाणता माणूस आधी कार्ड किंवा सुई तपासतो. एकाच चादरीत एकदाच दोष आला, तर धागा तुटला असेल म्हणतो. कोडमध्येही दरवेळी तीच चूक येत असेल तर लिहिलेल्या ओळी बघायच्या. कधी येते, कधी येत नाही अशी चूक असेल तर आत गेलेली माहिती बघायची: कुणीतरी आकड्याच्या जागी ‘३० इंच’ असं टाइप केलेलं असतं.

भाषा कोणती, यावर फार दिवस घालवू नका. पायथन घ्या. ती १९९१ पासून आहे, फुकट आहे, आणि तिच्यात कंस-अर्धविरामांचा पसारा कमी आहे. मुलगा किंवा भाचा पुण्यात जावा किंवा सी प्लस प्लसवर काम करत असला, तरी त्याच्या सोयीसाठी ती भाषा घेऊ नका. त्याला नोकरी करायची आहे, तुम्हाला आधी हिशोब लावायचा आहे.

डोळे, खुर्ची आणि चादर

मोठ्या वयात शिकणारे बरेच जण दुसऱ्याच आठवड्यात ‘डोकं चालत नाही’ म्हणून थांबतात. अनेकदा डोकं ठीक असतं, चष्मा चुकीचा असतो. वाचायचा चष्मा साधारण ३५ ते ४० सेंटिमीटरसाठी दिलेला असतो, आणि स्क्रीन असते ५० ते ७० सेंटिमीटरवर. बायफोकल असेल तर खालच्या काचेतून बघायला हनुवटी वर करावी लागते आणि अर्ध्या तासात मान भरून येते. नेहमीच्या खुर्चीवर बसा, डोळ्यापासून स्क्रीनपर्यंतचं अंतर टेपने मोजून घ्या आणि तो आकडा डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगा. फक्त त्या अंतराचा एकाच नंबराचा चष्मा करून मिळतो.

अक्षरं मोठी ठेवा, १६ ते १८ च्या खाली जाऊ नका. कोडमध्ये अपूर्णविराम आणि अर्धविराम, शून्य आणि मोठा ओ, एक आणि लहान एल यांत गल्लत झाली की प्रोग्राम अडतो. लहान अक्षरांत हा फरक तरुण डोळ्यांनाही दिसत नाही.

मशीन नवं नको. ४ जीबी रॅमवर पायथन चालतं. ८ जीबी आणि एसएसडी असेल तर ब्राउझर उघडा ठेवूनही त्रास होत नाही. मोबाइलवर धडे बघा, पण कोड कीबोर्डवरच लिहा. लॅपटॉप मात्र गादीवर किंवा चादरीवर ठेवू नका. बहुतेक लॅपटॉप खालून हवा ओढतात. एप्रिल-मे मध्ये बाहेर चाळीसच्या वर पारा असताना खालची जाळी चादरीने झाकली गेली की पंखा घोंघावायला लागतो आणि मशीन मंद होतं. सोलापुरी चादर कितीही चांगली असली तरी लॅपटॉपखाली लाकडी पाटच बरा. आणि उन्हाळ्यात बैठक सकाळीच उरका.

काय बसवायचं

पायथन थेट बसवता येतं, पण विंडोजवर पाथ नावाच्या सेटिंगचा घोळ होतो आणि पहिला दिवस त्यातच जातो. त्याऐवजी थॉनी बसवा. एस्टोनियातल्या टार्टू विद्यापीठात नवशिक्यांसाठी केलेला हा प्रोग्राम आहे, पायथन त्याच्या पोटातच येतं. थॉनी डॉट ओआरजी या साइटवरून उतरवा, जाहिरातींनी भरलेल्या दुसऱ्या साइटवरून नको.

उघडल्यावर दोन भाग दिसतात. वरचा कोरा भाग लिहायचा, खालचा शेल म्हणजे उत्तर येण्याची जागा. नवशिक्यांची पहिली चूक इथेच होते: सगळं खालच्या भागात टाइप करत बसतात आणि बंद केल्यावर काहीच उरत नाही. वर लिहा, सेव्ह करा, एफ५ दाबा. मग ‘व्ह्यू’ मेनूतून ‘व्हेरिएबल्स’ ही चौकट उघडा. कोणत्या नावात कोणती किंमत आहे ते तिथे दिसत राहतं. नवशिक्याला थॉनीचा सगळ्यात मोठा उपयोग हाच आहे.

मराठी कीबोर्डचा प्रश्न लगेच येतो. पायथनमध्ये व्हेरिएबलचं नाव देवनागरीत चालतं, तेलुगू किंवा कन्नड लिपीतही चालतं. पण आज्ञा रोमन अक्षरांतच लिहाव्या लागतात, त्यामुळे एका ओळीत तीनदा कीबोर्ड बदलावा लागतो. आमचा सल्ला: नावं मराठी ठेवा पण व्हॉट्सअॅपवर लिहितो तशी रोमन अक्षरांत. देवनागरी फक्त अवतरणचिन्हांच्या आत, स्क्रीनवर दाखवायच्या मजकुरात. कीबोर्ड बदलायला विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबा.

आकड्यांची एक गंमत लक्षात ठेवा. कोडच्या ओळीत देवनागरी ३० लिहिलं तर पायथन चूक दाखवतं. पण प्रोग्राम चालू असताना वापरणाऱ्याने देवनागरी ३० टाइप केलं, तर त्याचा आकडा बरोबर होतो. म्हणजे लिहिणाऱ्याला इंग्रजी अंक सक्तीचे, वापरणाऱ्याला दोन्ही मोकळे.

पहिला प्रोग्राम: टॉवेलचं वजन

बहुतेक धड्यांत पहिला प्रोग्राम जगाला नमस्कार घालतो. तो दोन मिनिटांत करून टाका आणि ओळखीच्या हिशोबाकडे या. टेरी टॉवेलचं वजन काढायला लांबी, रुंदी आणि जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन, एवढं पुरतं. खालच्या ओळी इथे देवनागरीत छापल्या आहेत. टाइप करताना फ्लोट, इनपुट, राउंड आणि प्रिंट हे शब्द त्यांच्या इंग्रजी स्पेलिंगने, रोमन लहान अक्षरांत लिहा, आणि अंकही इंग्रजी.

लांबी = फ्लोट(इनपुट("लांबी इंचात: "))
रुंदी = फ्लोट(इनपुट("रुंदी इंचात: "))
जीएसएम = फ्लोट(इनपुट("जीएसएम: "))
वजन = लांबी * रुंदी * २.५४ * २.५४ / १०००० * जीएसएम
प्रिंट("वजन ग्रॅममध्ये:", राउंड(वजन))

३० बाय ६० इंच आणि ४०० जीएसएम दिलं की उत्तर ४६५ यायला हवं. ते आधी कॅल्क्युलेटरवर काढून कागदावर लिहून ठेवा, मगच एफ५ दाबा. उत्तर आधी माहीत नसेल, तर प्रोग्राम बरोबर आहे की नुसता चालतोय हे कळत नाही. काट्यावर खरा टॉवेल ४६५ भरला नाही, तर कोडला दोष देऊ नका. काठ, शिलाई, धुलाईनंतरचं आटणं आणि हवेतला दमटपणा यांनी फरक पडतोच.

आता मुद्दाम मोडा. पहिल्या दोन ओळींतला फ्लोट काढा आणि चौथ्या ओळीच्या आधी प्रिंट(लांबी + रुंदी) अशी ओळ घाला. उत्तर ९० येणार नाही, ३०६० येईल. इनपुट जे देतं ते अक्षरं म्हणून देतं, आकडा म्हणून नाही; त्याचा आकडा फ्लोट करतं. अक्षरांची बेरीज म्हणजे एकाला दुसरं चिकटवणं. त्याच्या खालची गुणाकाराची ओळ तर चालणारच नाही, टाइपएरर येईल. हा फरक हाताने करून बघितला की पुढचे सहा महिने बरेच घोळ आपोआप ओळखू येतात. फ्लोट परत घाला आणि लांबीच्या जागी ‘३० इंच’ टाइप करा: व्हॅल्यूएरर. रक्कम ‘१,२५,०००’ अशी स्वल्पविराम देऊन लिहिली तरी तोच.

पुढची पायरी डझनाची. ५०० टॉवेलांचे किती डझन आणि सुटे किती? दोन तिरक्या रेघांचा भागाकार पूर्ण डझन देतो, ४१. टक्क्याचं चिन्ह बाकी देतं, ८. टक्क्याच्या चिन्हाचा टक्केवारीशी इथे काही संबंध नाही, आणि हिशोबात मुरलेल्या माणसाला हेच सगळ्यात जास्त खटकतं.

पैशांचा हिशोब करताना एक सावधगिरी. दशांश अपूर्णांक पायथन दोनाच्या पद्धतीत साठवतं, त्यामुळे ०.१ अधिक ०.२ चं उत्तर नेमकं ०.३ येत नाही, शेवटी कुठेतरी ४ चिकटतो. शिवाय राउंड हे २.५ चं २ करतं, ३ नाही, कारण अर्ध्यावर असलेला आकडा ते जवळच्या सम संख्येकडे नेतं. विडीची हजारी मजुरी असो की मागावरचा मीटरचा दर, रक्कम पैशांत, पूर्ण संख्येत ठेवा आणि दाखवताना शंभराने भागा.

चूक आली की

लाल अक्षरं दिसली की घाबरून बंद करू नका. खालून वर वाचा. चूक कोणती, तिचं नाव शेवटच्या ओळीत असतं, तिच्यावर ओळीचा नंबर. पहिल्या महिन्यात वारंवार भेटणाऱ्या चुका या:

नेमएरर म्हणजे नाव सापडलं नाही. वर एक स्पेलिंग, खाली दुसरं. रोमनमधली मराठी नावं लिहिताना हे फार होतं: एकदा रुंदीच्या शेवटी आय, एकदा डबल ई. नाव ठरवलं की वहीत लिहून ठेवा.

सिंटॅक्सएरर दाखवलेल्या ओळीत काहीच सापडत नसेल तर वरची ओळ बघा. बंद न केलेला कंस बहुतेक तिथे असतो.

इंडेंटेशनएरर म्हणजे ओळीच्या डावीकडची मोकळी जागा बिघडली. अपूर्णविरामानंतरची ओळ चार जागा आत हवी. टॅब एकदा दाबा, थॉनी चार जागा सोडतो. व्हॉट्सअॅपवरून किंवा वर्डमधून कोड चिकटवलं की ही जागा हमखास बिघडते. वर्ड तर सरळ अवतरणचिन्हं वाकडी करून देतं, आणि वाकडी चिन्हं पायथनला चालत नाहीत. नॉन-प्रिंटेबल कॅरेक्टर अशी तक्रार आली, तर देवनागरी नावात न दिसणारं जोडचिन्ह शिरलेलं असतं. ते नाव पुसून पुन्हा टाइप करा.

तरीही सापडलं नाही तर थॉनीतलं किड्याच्या चित्राचं बटण दाबा आणि एफ६ ने एकेक ओळ पुढे जा, बाजूच्या चौकटीत किंमती बदलताना बघत. माग हाताने एकेक फेक चालवून बघतात, तसंच.

विसरण्याचा इलाज

पन्नाशीत समज कमी होत नाही, पण नवे शब्द पटकन चिकटत नाहीत. म्हणून पाठ करायच्या भानगडीत पडू नका, आठवायचा सराव करा. आज लिहिलेला प्रोग्राम उद्या कोऱ्या पानावर, न बघता लिहा. अडलात तर जिथे अडलात तेवढंच बघा आणि फाइल पुन्हा मिटा. मग तिसऱ्या दिवशी, मग आठवड्याने. रोज ४५ मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. रविवारी चार तास बसण्यापेक्षा हे बरंच जास्त टिकतं. गड्ड्याच्या जत्रेत आठवडा बुडाला तर नवा धडा घेऊ नका, टॉवेलचाच प्रोग्राम पुन्हा लिहून सुरुवात करा.

व्हिडिओ बघून ‘कळलं’ वाटतं, तो भास असतो. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरिअल प्रकल्पातले छोटे धडे मराठीतूनही मिळतात, फुकट. दोन मिनिटं बघा, थांबवा, तेवढं टाइप करा, मग पुढे.

भिशीची चिठ्ठी

दुसऱ्या महिन्यात लिस्ट, म्हणजे यादी, आणि लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करायची आज्ञा, शिकाल. त्याला भिशीसारखं उदाहरण नाही. १२ सभासद, महिना २,००० रुपये, दरमहा एकाला २४,०००. चिठ्ठी निघाली त्याचं नाव पुढच्या महिन्यापासून बाद.

सभासदांची नावं चौकोनी कंसात, स्वल्पविरामांनी वेगळी करून लिहा. पहिल्या ओळीत रँडम हे मॉड्यूल, म्हणजे पायथनसोबत येणारा तयार कोड, आणा, मग रँडम.चॉइस या आज्ञेने एक नाव निवडा, छापा आणि रिमूव्हने लिस्टमधून काढा. पाच-सहा ओळींचं काम. पण तुमच्या फाइललाच रँडम असं नाव देऊ नका. पायथन खऱ्या मॉड्यूलऐवजी तुमचीच फाइल उघडतं आणि अॅट्रिब्युटएरर देतं. या एका कारणाने लोक संध्याकाळ घालवतात.

दुसऱ्यांदा चालवलं की खरा दोष दिसेल: मागच्या महिन्यात चिठ्ठी लागलेल्याचं नाव पुन्हा चिठ्ठ्यांत. प्रोग्राम बंद झाला की लिस्ट संपली, उघडला की पुन्हा बारा. उरलेली नावं फाइलमध्ये लिहून ठेवायला हवीत, आणि फाइल का शिकायची हे इथे कळतं.

फाइल उघडताना ओपन या आज्ञेत एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, म्हणून यूटीएफ-८ स्पष्ट लिहा. नाही लिहिलं तर विंडोजवर बहुतेक वेळा मराठी नावं लिहिताना चारमॅपची तक्रार येते. तीच नावं पुढे एक्सेलमध्ये उघडायच्या सीएसव्हीत द्यायची असतील तर यूटीएफ-८-सिग द्या, नाहीतर एक्सेल ‘सुनीता’च्या जागी खुणांची रांग दाखवतं. आणि सभासदांची जुनी यादी श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असेल, तर ती पायथनला मराठी दिसणारच नाही, कारण आत वेगळीच अक्षरं असतात. बारा नावं आहेत, युनिकोडमध्ये नव्याने टाइप करा.

नावं वाचून घेतल्यावर प्रत्येकाला स्ट्रिप ही कडेची मोकळी जागा छाटणारी आज्ञा लावा. प्रत्येक ओळीच्या शेवटी ओळ संपल्याची न दिसणारी खूण असते, ती नावाला चिकटून येते. मग छापलं तर नाव बरोबर दिसतं, पण रिमूव्ह म्हणतं की असं नाव यादीत नाही.

लिहायला डब्ल्यू ही खूण देऊन फाइल उघडली की जुना मजकूर त्याच क्षणी पुसला जातो, नवा लिहायच्या आधी. मधेच वीज गेली आणि डेस्कटॉपला यूपीएस नसेल, तर यादी कोरी. म्हणून प्रोग्राम तयार होईपर्यंत मूळ फाइलची नक्कल दुसऱ्या नावाने ठेवा. आणि पहिले तीन महिने कागदी चिठ्ठ्याही काढत राहा. कॉम्प्युटरने कुणाचं नाव काढलं यावर भिशीत भांडण झालं तर ते पायथनला मिटवता येत नाही.

मदत कुणाची घ्यायची

चॅटजीपीटीसारख्या साधनाला पूर्ण प्रोग्राम मागितला तर तो येतो, पण शिकणं तिथेच थांबतं. त्याऐवजी चुकीचा संदेश आणि आपल्या दोन ओळी द्या आणि मराठीत विचारा: ‘ही चूक का आली ते सांग, दुरुस्त कोड देऊ नकोस.’ सभासदांचे मोबाइल नंबर, आधार, बँकेचा तपशील तिथे चिकटवू नका. नावांच्या जागी अ, ब, क लिहा.

क्लास लावायचा असेल तर पहिला महिना घरी झाल्यावर लावा. तेव्हा काय अडतंय ते सांगता येतं. एमएस-सीआयटी झालेलं असेल तर फाइल-फोल्डरची सवय उपयोगी पडेल, प्रोग्रामिंग मात्र वेगळं. फी भरण्याआधी एक तास मागच्या बाकावर बसू द्या म्हणा आणि बघा: मास्तर फळ्यावर लिहितात आणि बाकीचे उतरवून घेतात, की प्रत्येकाच्या समोर स्वतःची स्क्रीन आहे. विद्यार्थ्याची चूक आली की मास्तर स्वतः कीबोर्ड ओढून दुरुस्त करतात, की बोट दाखवून ‘ही ओळ वाचा’ म्हणतात, हेही बघा. कीबोर्ड ओढणाऱ्याकडे फी भरू नका. नोकरीची हमी देऊन एकरकमी पैसे मागणाऱ्याकडे तर बाकावरही बसू नका.